तेरा पायऱ्यांची रेघ

मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला, त्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली आणि तो टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवला. हा नियम बाईंनी अकरा वर्षांपूर्वी घालून दिला होता. या खोलीत चपला चालतील, ओळंबा चालणार नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हनुवटी टेकूत ठेवली. टेकू त्यांनीच केलेला. अकरा वर्षांत लाकडाला हनुवटीचा आकार आला होता की हनुवटीला लाकडाचा, हे आता सांगता आलं नसतं.

"आज घाई नाही," बाई मागून म्हणाल्या. "पडदा सगळ्यात शेवटी बांधायचाय."

खोलीत टेबलावरचा संगणकाचा पडदा सोडला तर बांधायचं असं फारसं काही उरलंही नव्हतं. खोकी एकावर एक चढवलेली होती आणि प्रत्येकावर बाईंच्या गोल, शहाण्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं होतं. परवा बाई निवृत्त होणार होत्या. त्यानंतर त्या भावाकडे राहायला जाणार होत्या. भावाचं शहर रेल्वेने दोन दिवसांवर होतं. खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवायचं ठरलं होतं. ते कुठल्या भिंतीला लावावं यासाठी विभागाच्या तीन बैठका झाल्या होत्या. बाईंचं नजरेवरचं संशोधन पुढे कोणी चालवावं यासाठी एकही झाली नव्हती, पण त्याला कारण होतं. तो विषय कार्यक्रमपत्रिकेत दहावा होता आणि सातव्या विषयाला चहा यायचा.

मिस्त्री या संस्थेचे सुतार. मागच्या आवारात त्यांचं वर्कशॉप होतं आणि तिथून सगळ्या इमारतीला खुर्च्या, फळ्या, चौकटी आणि टोमणे यांचा पुरवठा होई. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणत आणि तोंडावर ओळंबेकाका. एकदा संचालकांच्या खोलीत टेबलाचा खण दुरुस्त करायला गेले असताना त्यांनी दारातूनच भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहिलं आणि डावी बाजू दोन सूत खाली असल्याचं सांगितलं. संचालकांनी पट्टी मागवली. दोन सूतच निघालं. तेव्हापासून संचालक त्यांच्यासमोर जरा ताठ बसत.

अशा माणसाला बाईंनी पहिल्याच भेटीत खोटं पाडलं होतं.

झालं ते असं. बाईंनी हनुवटीसाठी टेकू करून मागितला होता. तो घेऊन मिस्त्री आले तेव्हा बाई म्हणाल्या, आता आलाच आहात तर बसून बघा, हलतो का. मिस्त्री बसले. समोरच्या पडद्यावर उजवीकडे कललेल्या रेघाच रेघा होत्या, वाऱ्याने झुकलेल्या गवतासारख्या. मधल्या ठिपक्याकडे तीन मिनिटं बघत राहायचं होतं. मग रेघा गेल्या आणि एकच वीतभर रेघ आली. हाताशी बटण होतं, ते फिरवून ती रेघ उभी करायची होती, अगदी सरळ. मिस्त्रींच्या दृष्टीने हे त्यांना स्वतःचं नाव विचारण्यासारखं होतं. त्यांनी बटण जरासं फिरवलं आणि हात बाजूला घेतला.

अडीच अंश चूक, बाई म्हणाल्या. उजवीकडे.

मिस्त्री हसले. बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. मग त्यांनी टेबलाला दोष दिला, पडद्याला दिला, आणि शेवटी खिशातला ओळंबा काढून पडद्यासमोर धरला. ओळंब्याची दोरी सरळ होती आणि त्यांची रेघ उजवीकडे कललेली होती. पण चमत्कार असा की आधी क्षणभर त्यांना दोरीच डावीकडे गेलेली दिसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओळंब्याचा संशय आला. बाईंनी त्यांना दाराबाहेर नेलं, थोडा वेळ उभं केलं आणि परत आणलं. आता दोरी मुकाट सरळ होती.

पुढच्या बुधवारी मिस्त्री न बोलावता आले. डोळ्यांत काही बिघाड असेल तर तो त्यांना कळायला हवा होता, पोटापाण्याचा प्रश्न होता. बाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्यावर कापडाची पट्टी बांधली आणि कललेल्या रेघा फक्त डाव्या डोळ्याला दाखवल्या. मग पट्टी डावीकडे बांधली आणि उजव्या डोळ्याने एकटी रेघ सरळ करायला सांगितलं. उजव्या डोळ्याने बिचाऱ्याने काहीच पाहिलं नव्हतं. तरी तोही फसला, डाव्यापेक्षा थोडासाच कमी.

"म्हणजे डोळे सुटले," मिस्त्री म्हणाले.

"सुटले. मेंदूचा प्रताप आहे."

बाईंनी समजावलं ते असं, की डोक्यात मागच्या बाजूला पेशींची मोठी सभा भरलेली असते. प्रत्येकीची आवड ठरलेली. कोणी उजव्या कलाची रेघ दिसली की ओरडते, कोणी डाव्या, कोणी सरळ. रेघ कशी आहे हे एकटी कुणीच सांगत नाही. सगळ्यांचा मिळून जो आवाज येतो त्यावरून ठरतं. उजवीकडच्यांना तीन मिनिटं सतत ओरडायला लावलं की त्यांचा घसा बसतो. मग सरळ रेघ आली तरी डावीकडच्यांचाच आवाज मोठा पडतो आणि रेघ डावीकडे कलली असा ठराव पास होतो.

"आपल्या विभागाच्या बैठकीसारखं," बाई म्हणाल्या. "फरक एवढाच की इथे मिनिटभरात सगळे ताळ्यावर येतात. तुम्ही तीन मिनिटंच बघता ना, तर परिणाम एक, फार तर दीड मिनिट टिकतो. त्याहून जास्त टिकलेला मी पाहिला नाही."

मिस्त्री पडद्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, म्हणजे सरळ म्हणजे काय हे डोक्याला स्वतःचं असं ठाऊकच नसतं का. बाई म्हणाल्या, तसं अगदीच नाही, पण मघाशी काय पाहिलं त्यावर बरंच अवलंबून असतं.

हे मात्र मिस्त्रींना नवं नव्हतं. बायको गेली तेव्हा त्यांचं घर वर्षभर एका बाजूला कललेलं वाटायचं. स्वयंपाकघराच्या बाजूला. मग एका सकाळी ते सरळ दिसलं, आणि त्या सकाळी त्यांना आधीच्या सगळ्या वर्षापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. त्यांनी टेकूचा एक स्क्रू घट्ट केला आणि पुढचा बुधवार कधी ते विचारलं.

पुढचा बुधवार बुधवारीच होता. आणि मग दर बुधवारी चार वाजता. प्रयोग अर्ध्या तासाचा आणि चहा पाऊण तासाचा. बाई थर्मास घेऊन येत. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी विचारलं तर राहून गेलं असं सांगत, छत्री कुठेतरी राहून जावी तशा सुरात. चहाच्या वेळी त्या मेंदूबद्दल बोलत आणि मिस्त्री लाकडाबद्दल, आणि दोघांनाही दुसऱ्याचा विषय जास्त आवडे. मिस्त्रींच्या घरी त्यांची थोरली बहीण असे. ताईच्या नजरेतून काही सुटत नसे. आठवड्यात एकच शर्ट इस्त्रीचा लागतो आणि तो कुठल्या वारी, हे तिने महिन्याभरात हेरलं होतं.

"रेघा बघायला जातोस की रेघांना दाखवायला?" तिने विचारलं होतं. मिस्त्रींनी उत्तर म्हणून कॉलर नीट केली.

दुसऱ्या वर्षी गडबड झाली. मिस्त्रींचे आकडे भरकटायला लागले. एकदा एक अंश, एकदा चार, मग दोन. बाई पेनाचं टोपण चावत कागदाकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या की बहुधा वयाचा भाग असेल, एखादा तरुण विद्यार्थी शोधावा लागेल. हे त्या मिस्त्रींना उद्देशून बोलल्या नव्हत्या. कागदाला म्हणाल्या होत्या. म्हणून ते जास्त लागलं.

त्याच बुधवारी, टेकूत हनुवटी ठेवून, मिस्त्रींना पायऱ्या दिसल्या. पडद्यावरची रेघ अगदी उभी असली की तिची कड रंधा मारल्यासारखी साफ असे. जरा कलली की कडेला बारीक बारीक पायऱ्या पडत. जितका कल जास्त, तितक्या पायऱ्या जास्त. सुताराच्या डोळ्याला एकदा पायरी दिसली की दिसली. त्यांनी बटण फिरवत फिरवत मोजल्या आणि बाई कोणत्या आकड्याला खूश होतात ते पाहिलं. अडीच अंश म्हणजे तेरा पायऱ्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी रेघ कशी दिसते याकडे लक्षच दिलं नाही. तेरा मोजल्या आणि हात बाजूला घेतला.

"छान," बाई म्हणाल्या. विद्यार्थ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

अशी नऊ वर्षं गेली. कधी बारा, कधी चौदा, म्हणजे संशय नको. पण बहुतेक तेराच. मधे बाईंचा मोठा ग्रंथ छापून आला. त्यांनी तो मिस्त्रींना दाखवला. मिस्त्रींना त्यातलं काही कळलं नाही, पण आभाराच्या पानावर शेवटी एक ओळ होती. हनुवटीचा टेकू करणाऱ्या हातांचे आभार, अशी. मिस्त्रींनी ती दोनदा वाचली. टेकूचे आभार मानले होते. डोळ्यांबद्दल अक्षर नव्हतं. त्यांना जरा लागलं, आणि लागलं म्हणून लाज वाटली, कारण ज्या डोळ्यांनी इतकी वर्षं बाईंना फसवलं त्यांचे कोणी आभार कशाला मानावेत. तेव्हापासून तो ग्रंथ त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. एवढी जाडजूड इमारत, आणि पायात त्यांच्या तेरा खोट्या पायऱ्या. एखाद दिवशी कोणी मोजायला बसलं की सगळं कोसळणार, आणि बाई तेव्हा दोन दिवसांवरच्या शहरात, भावाच्या घरी, नातवंडांच्या गोंगाटात. त्यांना कळणारही नाही, कुणी केलं.

आज ते सांगायचंच असं ठरवून आले होते. सांगितलं की बाई पुन्हा कधी तोंड पाहणार नाहीत, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण तोंड पाहायला त्या इथे असणारच नव्हत्या, म्हणून आजच्या इतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं. सोयीचं असूनही सकाळपासून त्यांच्या हातून दोन खिळे वाकले होते.

त्यांनी हनुवटी टेकूतून काढली.

"बाई, एक सांगायचं होतं."

"हातगाडीचं ना? ती सकाळी येणार आहे म्हणाले."

"हातगाडीचं नाही. रेघेचं." मिस्त्रींनी ओळंब्याकडे पाहिलं. तो कोपऱ्यावर आडवा पडलेला होता, काही कामाचा नव्हता. "मी बघून सांगत नव्हतो. मोजून सांगत होतो. रेघेला पायऱ्या पडतात. तेरा झाल्या की थांबायचो."

बाई एका खोक्याला टेप लावत होत्या. त्यांनी टेप ओढली, दातांनी तोडली आणि तळव्याने दाबून बसवली.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. पण त्यांच्या विचारण्यात उत्तराची वाट बघणं नव्हतं.

"दुसऱ्या वर्षापासून."

"पावसाळ्याच्या आधी की नंतर?"

मिस्त्रींना आठवेना. बाई म्हणाल्या, आधी, मे महिन्यात. मग त्यांनी उठून कपाटातली खालची पेटी बाहेर काढली. सगळी खोकी बांधून झाली होती, ही एकच पत्र्याची पेटी उघडी राहिली होती. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. आत कागद होते, बुधवारचा एक याप्रमाणे, तारखांनी लावलेले, आणि प्रत्येकावर मिस्त्रींच्या नावाखाली आकडे.

"माणसं चुकतात ती वेडीवाकडी चुकतात, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "तुमची चूक पॉलिश करून यायची. तीन आठवडे तसं आलं तेव्हा मी एकदा तुमच्या खुर्चीवर बसून पाहिलं. मला तेरा मोजायला अर्धा तास लागला. चष्म्याने."

"म्हणजे तुम्हाला..."

"ग्रंथात यातलं काही नाही. पहिल्या वर्षाचंही काढून टाकलं, उगीच भानगड नको. काळजी करू नका, माझी इमारत उभी आहे."

मिस्त्रींच्या छातीवरचा नऊ वर्षांचा दगड उतरला, आणि उतरल्या उतरल्या कळलं की त्याच्या वजनाची सवय झाली होती. ग्रंथ बचावला हे चांगलंच झालं. पण मग नऊ वर्षं ते इथे बसून काय करत होते, हा एक प्रश्न पेटीतून उठून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. इतके बुधवार. इतके इस्त्रीचे शर्ट.

"त्या पायऱ्या घालवता आल्या नसत्या?" त्यांनी विचारलं. दुसरं काहीतरी विचारायचं होतं.

"एका संध्याकाळचं काम होतं. घालवल्या की. बाकी सगळ्यांसाठी तेव्हाच रेघ गुळगुळीत केली." बाई टेपचं टोक शोधत होत्या. ते काही केल्या सापडत नव्हतं, रोल नुसता हातात फिरत होता. "बुधवारी फक्त जुनी लावत होते."

"का?"

"तुम्हाला मोजता आलं नसतं."

बाहेर व्हरांड्यातून कोणीतरी मोठ्याने झेरॉक्स मशीनची लांबीरुंदी सांगत गेलं. बाईंना टेपचं टोक सापडलं, पण आता पडद्याशिवाय बांधायचं काही नव्हतं. पत्र्याची पेटी त्यांनी खोक्यांच्या रांगेत ठेवली नाही. दाराजवळ, आपल्या हातातल्या पिशवीशेजारी ठेवली.

मग त्या म्हणाल्या की एक मोजमाप बाकी आहे. या नऊ वर्षांत एक तरी खरं हवं. बसा.

मिस्त्रींनी पुन्हा हनुवटी टेकूत ठेवली. पडद्यावर रेघा आल्या, उजवीकडे झुकलेल्या, पहिल्या दिवशीच्याच. ते ठिपक्याकडे बघत राहिले. तीन मिनिटं हा वेळ किती असतो हे फक्त अशा खुर्चीवर कळतं. मागे बाईंच्या पावलांचा आवाज झाला, टेबलाला वळसा घालून पुढे गेला. ठिपका हलला नाही, मिस्त्रीही हलले नाहीत.

पडदा विझला.

"आता इकडे बघा," बाई म्हणाल्या.

त्या पडद्यापलीकडे, समोरच्या भिंतीशी उभ्या होत्या. मिस्त्रींच्या उजव्या हाताला, बाईंच्या लगत, दार होतं. त्याची चौकट मिस्त्रींनीच बसवलेली, ओळंबा लावून. दारापाशी पिशवी आणि पेटी तयार होती. बाईंच्या हातात स्टॉपवॉच होतं.

"काय दिसतं?"

मोजायला काही नव्हतं. चौकटीला पायऱ्या नव्हत्या, बाईंनाही नव्हत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींनी नुसतं पाहिलं.

"चौकट कललीय," ते म्हणाले.

"कुठे?"

"आत. खोलीकडे. तुम्हीसुद्धा."

बाईंनी स्वतःकडे पाहिलं नाही. दाराकडेही नाही.

"किती?"

"नाही सांगता येत. पण दारापासून लांब."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टॉपवॉच सुरू केलं. त्याचा बारीक टिकटिकाट रिकाम्या खोलीत स्पष्ट ऐकू आला. "हलू नका. सरळ दिसलं की सांगा."

मिस्त्री बघत राहिले. चौकट हळूहळू उठत आली, कुणीतरी खालून पाचर मारत असल्यासारखी. पाव सूत, अर्धं सूत. मग ती जागेवर बसली, त्यांनी बसवली होती तशीच. तिच्याबरोबर बाईही सरळ झाल्या, दारापाशी, पिशवीच्या शेजारी, जायला निघालेल्या माणसासारख्या. मिनिट झालं असेल नसेल.

ओळंबा टेबलाच्या कोपऱ्यावर, हाताच्या अंतरावर होता. मिस्त्रींनी हात मांडीवर ठेवले आणि तोंड उघडलं नाही.

टिकटिकाट चालू राहिला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा वरच्या खोक्यावर चढला. बाई हलल्या नाहीत. त्यांनी विचारलंही नाही, आणि हातातल्या घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.